पूजासाठी आलेलं स्थळ

तुम्ही मला भित्री म्हणता ना, मग हे ऐकाच. बीडमधल्या नगरपरिषदेच्या शाळांत शिकलेल्या मुलांची कॉलेजची फी आमची संस्था भरते आणि पदवी मिळेपर्यंत पाठीशी राहते. त्यासाठी पूजाची निवड झाली होती, पण तिचे वडील तिचं लग्न उरकायच्या घाईत. त्यांचा होकार आणायला मी पहिल्यांदाच एकटी गेले. दारातली म्हैस हंबरली, मी दचकले आणि पाठ केलेलं सगळं विसरले.

"काका, तुमची पूजा आम्हाला पसंत आहे," मी एका दमात म्हणाले. "सगळा खर्च आमचा. तुम्ही फक्त हो म्हणा."

काका सावरून बसले. "ते ठीक हाय. पण पोरगा काय करतो?"

"कुठला पोरगा?"

"तुमचा भाऊ असंल ना? शेती किती हाय?"

"काका, पोरगा नाहीच. तिला कॉलेजला घालायचंय."

"म्हंजे नवरदेवच न्हाई?" त्यांचा चेहरा उतरला. "मंग जमायचं न्हाई, ताई."

पूजा दाराआडून ऐकत होती. मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात तिची आई चहा घेऊन आली. पूजा आज कॉलेजात आहे ती या बाईमुळे. कप माझ्या हातात देत ती नवऱ्याला शांतपणे म्हणाली, "कावून जमायचं न्हाई? नवरा न्हाई, सासू न्हाई, मानपान न्हाई, आन् खर्च समदा त्यांचा. मला असलं स्थळ आलं असतं, तर तुमच्याकडं मी बघितलं बी नसतं."