पंचवीस वेळा 'हो'

केल्विन : हसू नकोस आई, खरंच सांगतोय. या क्लीव्हलंडात एक वेडा माणूस आहे आणि तो माझ्यावर फिदा आहे.

ओडेसा : हसत नाहीये मी. मॅकरोनी घे अजून. साडेतीनला सामना आणि चिमणीसारखा खातोयस.

केल्विन : भरल्या पोटी उडी मारता येत नाही. ऐक ना. फोनवर तो भाकितांचा बाजार चालतो बघ. कोण किती गुण करणार, कोण किती रिबाउंड घेणार, बास्केटला हुकून परतलेले किती चेंडू झेलणार, त्यावर लोक 'हो' नाहीतर 'नाही' विकत घेतात. माझ्या नावावर एकच प्रश्न : केल्विन प्रुइट पाच रिबाउंड घेईल का? 'हो'चा भाव आठ सेंट.

ओडेसा : आठ म्हणजे कमी?

केल्विन : खरं ठरलं तर डॉलर मिळतो. म्हणजे शंभरात आठ वेळा जमेल, असं जगाचं मत. ड्रेसिंग रूममधली पोरं मला 'आठ सेंट' म्हणूनच हाक मारतात.

ओडेसा : मेल्यांना दुसरं काम नाही.

केल्विन : पण दर सामन्याला, राष्ट्रगीत सुरू झालं की कुणीतरी एकजण माझे वीस 'हो' उचलतो.

ओडेसा : पंचवीस.

केल्विन : काय म्हणालीस?

ओडेसा : पाव घे म्हटलं. मक्याचा.

केल्विन : आई.

ओडेसा : अरे, दोन डॉलर तर होतात! चर्चच्या पेटीत टाकते तेवढेच. पार्लरातल्या बर्नाडेटनं माझे केस धुता धुता फोनवर घालून दिलं मला.

केल्विन : खेळाडूच्या घरच्यांना मनाई आहे! खातं उघडताना चौकोनात टिक केली असशील ना, की मी कुणाची नातेवाईक नाही म्हणून?

ओडेसा : अक्षरं बारीक होती. चष्मा इथे ओट्यावर होता.

केल्विन : माझा दहा दिवसांचा करार, आज दहावा दिवस. आज ठेवायचं की हाकलायचं ते ठरणार, आणि तू...

ओडेसा : म्हणजे ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही त्यांनी बोलायचं, आणि जिनं जन्म दिला तिनं गप्प बसायचं? हा कुठला न्याय?

केल्विन : मी त्या माणसाला माझा शर्ट पाठवणार होतो. बाकावर बसून रोज त्याचाच विचार करायचो. वाटायचं, ओळख ना पाळख, तरी एकाला तरी वाटतंय. आणि निघाली कोण, तर तू.

ओडेसा : मी काय कुणीच नाही?

केल्विन : तसं नाही गं. तू 'हो' म्हणणारच ना.

ओडेसा : मी उगाच काहीही म्हणत नाही. तुझ्या गुणांचा प्रश्न असता, तर एक सेंट तरी लावला असता का? तू बास्केटकडे चेंडू कसा फेकतोस ते मला माहीत आहे.

केल्विन : ...हे मात्र खरं.

ओडेसा : आता काय करायचं? कुणाला कळणार आहे?

केल्विन : मला कळलंय ना. फोन करतो संघाच्या वकिलाला.

ओडेसा : आज नको रे. उद्या कर. त्यांनी ठेवून घेतल्यावर.

केल्विन : मग ती लबाडी होईल, आई.

(तो ओसरीवर जातो. बऱ्याच वेळाने परत येतो.)

ओडेसा : काढलं?

केल्विन : आधी पाच मिनिटं हसला. मग ओरडला. सगळं लिहून पाठवायचं, तुझं खातं आत्ताच बंद करायचं. आज खेळू देतायत. पुढचं ठाऊक नाही.

ओडेसा : माझ्यामुळे तुझं गेलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. घे हा फोन. तूच बंद कर.

केल्विन : झालं बंद. आता माझ्या नावावर अख्ख्या बाजारात एकही 'हो' नाही.

ओडेसा : जेव तू.

केल्विन : आई, पाचच का गं?

ओडेसा : बाजारात पाचचाच प्रश्न होता. मी मनात पहिल्यापासून अकरा धरलेत.