मिठाची गाडी

माझी गोष्ट लिहून घेताय तर आधी कानडेताईंचं नाव लिहा, मग माझं. त्या रेल्वेत इंजिनिअर, लखनौच्या महानगर वस्तीत राहतात, आणि त्या नसत्या तर आज ही गाडी भंगारात असती आणि मी गावाकडच्या एसटीत. काय सांगू तुम्हाला, माणूस आपला नात्याचा ना गोत्याचा, मिरजेहून त्यांची बदली झाली तवा त्यांचं घरसामान मी इथं लखनौला आणून टाकलं, एवढीच ओळख. पण दर संक्रांतीला फोन येणार, बापू, तिळगूळ न्यायला या.

मी मूळचा आटपाडीकडचा. शाळा सातवीत सुटली. आमच्याकडची निम्मी पोरं सोनंचांदी गाळायच्या कामाला मुलखावर, परराज्यात जातात, तसा चुलत्यांबरोबर मी इथं चौकात, सराफांच्या बाजारात आलो, पण भट्टीचा धूर मला सोसेना, खोकून खोकून जीव जायचा. मग ड्रायव्हर झालो, मग जुनी का होईना स्वतःची गाडी घेतली. मालधक्क्यावर रेल्वेनं मीठ उतरतं, ते उचलायचं आणि दुकानदारांना पोचवायचं. दुसरं काम मला कोण देणार? बाकीचा माल इथल्यांचा इथलेच नेतात, मीठ कुणाला नको असतं, म्हणून ते माझ्याकडं आलं. पोत्यातून मीठ झिरपतं, फळ्यांच्या फटीतून खाली जातं, आणि खाली चासी. गाडीचा कणाच तो, तो गेला तर आरटीओचं पासिंग नाही, पासिंग नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर आटपाडीत चूल नाही.

म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, खालून गंजाचं कोटिंग मारून घ्यायचं. दुकानात गेलो तर डबेच डबे, सगळ्यावर इंग्रजी. एक डांबरासारखं काळं, एक रबरासारखं, एक मेणासारखं पातळ. दुकानदार म्हणाला काला ले जाइए, सब यही ले जाते हैं. चुलते म्हणाले कशाला खर्च, गावाकडं आपण जळकं ऑइल मारतो की. मला त्यातलं काय कळतंय, मी काळं घेतलं. जाड होतं, काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

आता आमची रीत तुम्हाला ठाऊक. खंडेनवमीला गाडी धुवायची, पूजायची, आणि नवं काही करायचं तर दसऱ्याला. शहराच्या टोकाला चिनहटात मुन्ना मिस्त्रीच्या शेडमध्ये मी नवमीला गाडी खालून वरून पाइपानं धुतली आणि दसऱ्याच्या सकाळी म्हटलं, मार कोटिंग. मुन्ना म्हणाला, भैया अभी गीली है, दो-चार दिन धूप खाने दो. मी म्हटलं, मुहूर्त आजचा आहे. तो हसला, म्हणाला आप लोग तो गाड़ी को भी नहला-धुला के मंदिर ले जाते हो. आणि मारलं. काळीभोर, चकाचक. मी खाली वाकून वाकून बघायचो आणि बायकोला फोनवर सांगायचो, आता काळजी मिटली.

यंदा श्रावणात त्या काळ्याच्या कडेतून तांबडं पाणी ठिबकायला लागलं. रोज सकाळी जमिनीवर डाग. मुन्ना म्हणाला ऊपर से एक कोट और मार देते हैं. मी म्हटलं थांब. पासिंग जवळ आलेलं. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत कानडेताई भेटल्या, त्यांनी विचारलं बापू, तोंड का असं, आणि मी तिथंच, प्रसादाची वाटी हातात, सगळं बोललो.

पुढच्या रविवारी त्या स्कूटरवरून चिनहटला आल्या. पोतं अंथरलं आणि सरळ गाडीखाली. हातोडीनं ठोकत ठोकत पुढं सरकायच्या, आवाज ऐकायच्या. एके ठिकाणी आवाजच आला नाही. त्यांनी नखानं काळं उचललं तर भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलं, आत तांबडा भुगा, ओला. मागच्या आडव्या पट्टीत हातोडीचं टोक आतच गेलं.  मुन्ना म्हणाला, मैडम हमने तो कहा था गीली है, इनको मुहूर्त की पड़ी थी. ताई आतूनच म्हणाल्या, अच्छा मुन्नाभाई, अब आप भी मत चिढ़ाइए इनको. मग मला म्हणाल्या, बापू, पाणी आणि मीठ तुम्ही आत कोंडलंत. आणखी काळं मारलंत तर कळायचंसुद्धा नाही, एक दिवस भरल्या गाडीखाली मोडेल.

सगळं खरवडलं. आडवी पट्टी नवी घातली. लांबीचे दोन बार जीव धरून होते. मीठ धुऊन काढलं आणि गाडी उन्हात ठेवली, आणि नेमका दसरा आला. बायको फोनवर म्हणाली, अहो, सणाच्या दिवशी गाडी अशी उघडी ठेवणार? पाण्याचा थेंब लावायचा नाही, असं ताईंचं सांगणं. मी कोरड्या फडक्यानं पुसली, चाकाला हळदकुंकू लावलं आणि मुहूर्त जाऊ दिला. 

मग मेणासारखं पातळ मारलं. मी म्हटलं ताई, हे तर दिसतच नाही, गंज दिसतोय की खालचा. त्या म्हणाल्या, दिसायलाच हवा, दिसला की खरवडा, परत लावा, दरवर्षी. मी म्हटलं मग थांबेल कधी? त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. म्हणाल्या, थांबणार नाही, बापू, हळू होईल. मीठ सोडलंत तर वेगळं.

मीठ कसं सोडू, सांगा तुम्ही.

आता रोज सकाळी पोतं टाकून गाडीखाली झोपतो, हातोडीनं ठोकतो, त्यांच्यासारखं ऐकायला बघतो. मला आवाजातलं सगळं कळत नाही. पासिंग पुढच्या महिन्यात, होईल का नाही देवाला ठाऊक. पण एवढं लिहाच. ताईंची नोकरी बदलीची, आज ना उद्या हुकूम येणार. तवा त्यांचं सामान दुसऱ्या कुणाच्या गाडीत चढू देणार नाही. फळ्या धुऊन, वाळवून, वर ताडपत्री अंथरून, मिठाचा कणसुद्धा लागू न देता म्हणतील त्या गावाला पोचवीन. पैशाचं नावही काढू देणार नाही. फक्त ह्या माझ्या गाडीनं तोवर दम धरावा.