आर्लुकचं नाव

ऊलीपा: मांस आणलंत ते तिथे पुठ्ठ्यावर ठेवा. आणि नाव घेऊन आला असाल, तर ते दाराबाहेर बुटांपाशी ठेवून या.

मायुरिआक: उंबऱ्यातच सुरू झालीस. सून कसली, नुसता बोचरा वारा आहे. अगं, बाळाला बघायला आलेय मी. त्या वळणापासून रडणं ऐकू येतंय.

ऊलीपा: बाळं रडतात, सासूबाई.

मायुरिआक: अशी नाही रडत. या गावातली निम्मी बाळं माझ्या हातांवर झालीत. भुकेचं रडणं वेगळं, पोटदुखीचं वेगळं. हे नावासाठीचं रडणं आहे. कुणीतरी हाक मारायची वाट बघतंय ते. माय, तू तरी सांग हिला.

सिआजा: मला मध्ये ओढू नकोस, पोरी. दवाखान्यातून आल्यापासून हिला घेऊन फिरतेय. पायांचे तुकडे पडलेत.

ऊलीपा: ऐका. दात पडलेली म्हातारी माझ्या लेकीला माय म्हणते, आणि लेक आपल्या आजीला पोरी म्हणते. तुमच्या आईचं नाव तुम्ही हिला दिलंत, तेव्हा मी तोंडातून ब्र काढला नाही. काय पदरात पडलं? स्वतःच्या पोटच्या पोरीवर मला कधी ओरडता आलं नाही. ओरडले की तुम्ही धावत यायचात, माझ्या आईवर आवाज चढवू नकोस म्हणून.

मायुरिआक: मग काय चुकलं? आई गेली तेव्हा मी पोरकी झाले होते. सिआजा जन्मली आणि मला माझी आई परत मिळाली. एवढीशी होती तेव्हा म्हणाली, पोरी, चहात साखर फार घालतेस. त्या दिवसापासून मी साखर कमी केली. आईचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही.

सिआजा: कधीच नाही?

मायुरिआक: कधीच नाही.

सिआजा: बरं.

ऊलीपा: दे गं तिला माझ्याकडे. तू बस, चार घास खा. मांस ताजं आहे, तेवढं तरी खरं.

मायुरिआक: तेवढं तरी म्हणजे? तुझ्या घरात मी शिळं कधी आणलंय? माझा आर्लुक गेल्याला दोन हिवाळे झाले, या घरात सीलचं मांस कुणी पोचवलं? मी. पुतण्यांच्या दारात उभी राहून मागून आणते.

ऊलीपा: आणि दर वेळी मांसाबरोबर तेच गाणं.

मायुरिआक: तेच म्हणणार. माझा लेक बर्फाखाली गेला, देह हाती लागला नाही. निदान नाव तरी कुणाच्या अंगावर घालायचं! माणसाचं नाव असं उघडं ठेवतात का? तिथे काळोखात गारठून बसलाय तो. गावात इतकी बाळं झाली, प्रत्येक घरी मी गेले, म्हटलं आर्लुक ठेवा. ती माणसं आधी तुला विचारायची. आणि तू नको म्हणून मान हलवायचीस.

ऊलीपा: त्यांनाच नको होतं ते नाव. मला विचारणं हे निमित्त होतं. या गावातल्या भिंती पातळ आहेत, सासूबाई.

मायुरिआक: मेलेल्याचे दोष काढू नयेत.

ऊलीपा: जिवंत होता तेव्हा तरी कुठे काढू दिलेत?

मायुरिआक: तो वाईट नव्हता. दारू वाईट होती. शिकार करून आला की पहिला वाटा विधवांच्या घरी पाठवायचा. सांग, पाठवायचा की नाही?

ऊलीपा: पाठवायचा. खोटं कशाला बोलू? गावाला मांस आणि बायकोला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हे बोट बघा. असं मागे पळताय काय, बघा. माझ्या हातचे बूट घालायला लोक शेजारच्या गावांतून माप पाठवायचे. आज मला सुई पुढे ढकलता येत नाही. नातीला पहिले बूट दुकानातून आणले मी. प्लास्टिकचे.

मायुरिआक: बोटाचं मला माहीत आहे.

ऊलीपा: असणारच. तेव्हा आपण एका घरात राहायचो. तुम्ही पलीकडच्या खोलीत होतात.

सिआजा: आई, हळू. ती आणखी जोरात रडायला लागलीय.

ऊलीपा: रडू दे. मला एकदा हिच्या आजीला... नाही, पणजीला विचारू दे. सासूबाई, हिचं नाव आर्लुक ठेवलं, की ही माझी कोण लागणार?

मायुरिआक: तुला माहीत आहे.

ऊलीपा: तुमच्या तोंडून ऐकायचंय.

मायुरिआक: तुझा नवरा लागणार.

ऊलीपा: दुपट्यातला नवरा. म्हणजे उद्यापासून सकाळी उठायचं आणि हिला म्हणायचं, अहो, उठलात का? पहिला घास हिला. हिच्या मर्जीबाहेर पाऊल टाकायचं नाही, हिच्यावर ओरडायचं नाही. मी दोन वर्षं मोठ्याने बोलायला शिकतेय. आताशी कुठे जमायला लागलंय. आणि तुम्ही तोच माणूस माझ्या खांद्यावर आणून ठेवताय, वर म्हणताय ढेकर काढ.

मायुरिआक: नाव परत येतं ते सगळं घेऊन येत नाही गं. लंगडत गेलेला धावत येतो. उपाशी गेलेला जेवायला येतो. चिडका गेला असेल तर शांत होऊन येतो. आमच्या वाडवडिलांपासून असंच चालत आलंय.

ऊलीपा: आणि नाही आला शांत होऊन, तर?

मायुरिआक: तर काय?

ऊलीपा: तेच विचारतेय.

सिआजा: तुम्ही दोघी भांडा, पण बाळ माझं आहे हे लक्षात ठेवा. हिचा बाप लुका खाणीवरून आला की तोही विचारील, नाव काय ठेवलं. आणि नाव आहे की तिला. दवाखान्यात विचारलं तेव्हा मी एमिली सांगितलं.

मायुरिआक: एमिली कोण?

सिआजा: कोण म्हणजे? नुसतं नाव.

मायुरिआक: त्या नावाचं कुणी वारलंय का आपल्यात?

सिआजा: नाही. नर्सच्या मुलीचं नाव होतं. कानाला बरं वाटलं.

मायुरिआक: म्हणजे पोर आतून रिकामी ठेवलीस. रडेल नाहीतर काय करील? कागदावर काय हवं ते लिहू देत, मला त्याचं काही नाही. पण माय, मला एक सांग. बाळंतपणात अडली होतीस म्हणे.

सिआजा: अडले होते.

मायुरिआक: मग नावं घेतलीस का?

सिआजा: तिथे डॉक्टर होते, दोन नर्स होत्या.

मायुरिआक: डॉक्टर होते म्हणून तुझी जीभ काढून ठेवली होती का? बाळ अडलं की गेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची. ज्याला यायचं असतं तो आपलं नाव ऐकून बाहेर येतो. मी तुला हे शंभरदा सांगितलंय. घेतलीस की नाही?

ऊलीपा: तिला जेवू द्या, सासूबाई.

सिआजा: घेतली.

मायुरिआक: कुणाची?

सिआजा: तुझ्या बहिणीचं. मग आईच्या आईचं. लुकाच्या काकांचं. बर्फाच्या वादळात गेले त्या मास्तरांचं. आठवतील तेवढी सगळी घेतली.

ऊलीपा: माझ्या आईच्या नावाला आली असणार. नाक बघा हिचं, अगदी तिचं आहे. बस, मिटलं. आजपासून मी हिला आई म्हणते. ऐकलंत, सासूबाई? तुम्ही एकट्याच आई परत आणू शकता असं नाही.

सिआजा: नाही, आई. तिच्या नावाला नाही आली.

ऊलीपा: मग?

मायुरिआक: बोल, माय.

सिआजा: कुणाच्याच नावाला येईना. डॉक्टर म्हणाले, आता पोट उघडावं लागेल. सगळी नावं संपली होती. एकच उरलं होतं, ते मी मुद्दाम घेतलं नव्हतं. ओठ घट्ट मिटून पडले होते. मग अशी काही कळ आली, की ते तोंडातून सुटलं. आणि ती आली. सगळी, एकदम. दाराशीच ताटकळत उभी असावी तशी.

ऊलीपा: तू त्याला हाक मारलीस.

सिआजा: हो.

ऊलीपा: सगळं डोळ्यांनी बघितलेली पोर तू. तू त्याला बोलावलंस.

सिआजा: तो माझा बाप होता, आई. तुझं सगळं खरं आहे. पण मला बर्फावर चालायला त्यानेच शिकवलं. भीती वाटली तेव्हा तोच आठवला, त्याला मी काय करू?

ऊलीपा: आणि घरी आल्यावर मला सांगितलं नाहीस.

सिआजा: सांगितलं असतं, तर तू हिला हात लावला असतास?

ऊलीपा: घे. घे हिला माझ्याकडून.

मायुरिआक: माझा आर्लुक. माझा बाळ. मी म्हणत नव्हते? माय, इकडे दे. माझ्या लेकाला माझ्याकडे दे, तिला नको असेल तर मी नेते माझ्या घरी—

सिआजा: बस खाली, पोरी. तुझ्याकडे नाही देणार.

मायुरिआक: का?

सिआजा: मघाशी म्हणालीस, आईचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. एकदा पाडलास. मी दुसरीत होते. आई आतल्या खोलीत होती, तो आत होता. मी तुझ्यापाशी आले, तुझा हात धरून ओढला. म्हटलं, पोरी, आत जा, त्याला थांबव. तुझी आई तुला सांगत होती. तू काय केलंस?

मायुरिआक: फार जुनी गोष्ट आहे ती.

सिआजा: काय केलंस?

मायुरिआक: रेडिओ मोठा केला.

सिआजा: काय लागलं होतं?

मायुरिआक: वाऱ्याचा अंदाज.

सिआजा: आणि मला म्हणालीस, माय, बाहेर जाऊन खेळ.

(बाळ रडतंच आहे. मायुरिआक पुठ्ठ्यावरची सुरी उचलते आणि काही न कापता परत ठेवते.)

ऊलीपा: हे मला माहीत नव्हतं. तुम्ही ऐकत होतात ते ठाऊक होतं. पोरीने तुम्हाला सांगितलं होतं, हे ठाऊक नव्हतं.

मायुरिआक: एकुलता एक होता तो माझा.

ऊलीपा: मी कुणाची तरी होतेच की.

मायुरिआक: मी आत आले असते तर त्याने मलाही... नाही. आता खोटं बोलून काय मिळवायचंय? तो मला मारील ही भीती नव्हती. तो माझ्यावर रुसेल ही भीती होती. लहानपणी रुसला की दोन-दोन दिवस जेवायचा नाही. मला ते बघवायचं नाही. म्हणून मी कधीच त्याचा हात धरला नाही. आधी लहान होता म्हणून, मग मोठा झाला म्हणून.

ऊलीपा: माझं बोट गेलं, आणि तुमच्या लेकाचा रुसवा वाचला.

मायुरिआक: हो. तसंच झालं.

ऊलीपा: इतकी वर्षं मला वाटायचं, हे तुमच्या तोंडून ऐकलं की मला बरं वाटेल. नाही वाटत. आणखी राग येतोय.

मायुरिआक: येऊ दे. तू म्हणशील तर मी परत या नावाचा शब्द काढणार नाही. एमिली तर एमिली.

सिआजा: आता ते कुणाच्या हातात आहे? ती ज्या नावाला आली ते आली.

ऊलीपा: दे तिला इकडे.

सिआजा: आई, नको. तू आत्ता...

ऊलीपा: दे म्हणते. खाली टाकणार नाही. हं. ऐक रे, आर्लुक. झालं रडून? नसेल झालं तर रडता रडता ऐक. हे घर माझं आहे. इथे तुला ऊब मिळेल. पहिला घास मिळेल, तो तुझा मान आहे, तो मी मोडणार नाही. पण अहो-जाहो मिळणार नाही. तुझ्यापुढे मी मान खाली घालणार नाही. तू चुकलास की मी ओरडणार, सगळ्या गावाला ऐकू जाईल इतकं ओरडणार. रीत मोडली म्हणतील लोक. म्हणू देत. बर्फाखाली होतास तोवर बरा होतास, पण आलास ना? मग असा राहा.

सिआजा: आई...

ऊलीपा: माझं झालं नाही. सासूबाई, तुम्ही याच्या आई ना?

मायुरिआक: परत झाले.

ऊलीपा: मग परत सगळं पहिल्यापासून. याने हात उगारला तर काय करायचं?

मायुरिआक: धरायचा.

ऊलीपा: कुणी?

मायुरिआक: मी. मी धरीन.

ऊलीपा: आणि रुसला तर?

मायुरिआक: रुसू दे. भूक लागली की जेवील.

ऊलीपा: हे त्याला चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंत. आणि उद्यापासून इथे यायचं ते मांसाचं निमित्त करून नाही. लेकाला वाढवायला यायचं. मला तुमचं तोंड बघायची हौस नाही, पण काम तुमचं आहे.

मायुरिआक: येईन.

सिआजा: आई, ती गप्प झाली बघ. कधी गप्प झाली?

मायुरिआक: नाव घेतलंस तेव्हाच. मी सांगत नव्हते, हे नावासाठीचं...

ऊलीपा: तुम्ही जरा गप्प बसा.

सिआजा: तुझं बोट धरलंय तिने. ते मोडकं.

ऊलीपा: कळतंय मला.

सिआजा: सोडवू का?

ऊलीपा: राहू दे. अजून तरी हळू धरलंय.