गोटे कोनं धुतले

नाई नाई, त्या पंपाले हात नका लावू साहेब — पह्यले पानी तपासा! घ्या ही नळी, टाका थेंब. रंग याले पाच मिनिटं लागते — हिरवा आला तं पान्यात घान, पिवया आला तं साफ — तवर आयका. संस्थेत बसून लिहून टाकलं तुमी, धुरपताबाईची टाकी बंद पडली, पंप काढून आना म्हनून. हे रोहू पोहून राह्यले ते कोनाचे? अन् ही गोट्याईतली मेथी कायच्या जोरावर उभी हाये? तुमीच शिकोलं होतं ना — माशाची घान गोट्याईत जाते, गोट्यावरचे जंतू तिचं खत करते, खत मेथी पिते, अन् साफ पानी वापस माशाकडं. पन थंडीत जंतू झोपते म्हने, हीटर लावा, नाई तं जंतूची नवी बाटली आना. काहून आनू? दिवाईपासून पानी हयूहयू थंडं होऊ देलं मी, आता चौदा अंशावर हाये. जंतू मंदावले, खोटं नाई बोलत — पंधरा दिवस नळी हिरवीगार याची. मंग माशाईचं खानं निम्मं केलं, मंग एक दिवसाआड. थंडीत मासाबी कमीच खाते. अन् गोट्याईले बोट नाई लावलं. सवय करून घेते ते, साहेब! एकाच्यानं होत नाई तं चौघं होते, गर्दी वाढवते, पन काम सोडत नाई — पाहा, पिवया आला रंग! आता बोला!

काय? मांगच्या हिवायात मासे काहून मेले? तुमच्या कागदात हाये ना — माही जाऊ मानीबाई, तिनं टाकीत साबनाचं पानी ओतलं. मीच सांगतलं बैठकीत. बचत गटातून काढलं तिले, वरीस झालं, मले पाह्यलं का तोंड फिरवते. मी तरी काय करू? तुमच्या संस्थेच्या मॅडम लोक येनार होते टाकी पाहाले, अन् गोट्याईवर थो बुयबुयीत तपकिरी थर — शरम वाटली मले, ब्लीचिंग टाकून एकएक गोटा घासला, पांढराफक! मॅडमनं फोटो काढला. पाचव्या दिवशी साठ मासे पोट वर करून. थो थर म्हंजेच जंतू होते, हे मले तवा कोनं सांगतलं —

...असे काय पाहून राह्यले? हो, मी धुतले गोटे. मानीनं काई नाई केलं. लिहा ना! मोठ्या अक्षरात लिहा, धुरपताबाईनं धुतले, मी सही करते खाली, अंगठा नाई, सही. भेते का मी? पन चूक माही हाये, त्याची शिक्षा या जित्या माशाईले काहून? पंप इथीच राहीन. उपटाचा असन तं मले उपटा पह्यले.

उठा आता, दिग्रसची यष्टी निघून जाईन तुमची. अन् सोबत नका येऊ माह्या. मानीच्या दारात मले एकटीलेच जाचं हाये.