सुईची गाठ

—अगं तो नाही, उजवा दे. उजवा हात आधी, मग डावा, मग पाठ — एवढी शिकलेली बाई तू, आणि हम्मामात आलीस की लहान पोरीसारखं सगळं विसरतेस. सैल सोड. सैल म्हणजे सैल, मी काय तोडून नेणार आहे का तो? हां, असा. तुझी नेहमीची घासणारी आज आली नाही म्हणून तू या तामूच्या वाट्याला आलीस, कळतं मला — पण मला बरंच झालं. तू ओळखलं नाहीस ना? कशी ओळखशील, तिथं साथीच्या सुईला, शाळेच्या आवारात तंबूत आम्ही सगळ्या तोंडाला फडकी लावून, आणि तू दिवसाला दोन-तीनशे दंड बघणार. मी मात्र ओळखलं. दारात कपडे सांभाळते ना बतूल, ती म्हणाली, आत गिझलान आलीय, सरकारी दवाखान्यातली, सुया टोचणारी — मी हातातली बाई अर्धी घासलेली तशीच सोडली, म्हटलं तू जरा भिजत पड, आणि आले तुझ्याकडे. का म्हणजे? उगाच. काळा साबण जरा जास्तच लावते तुला, थांब, मुरू दे. पाणी फार कढत नाही ना? नाही म्हणतेस आणि पाय आखडतेस.

तुम्ही टोचून मोकळ्या होता गं, त्याच्या पुढचं सगळं इथं येतं, आमच्याकडे. इथं बाई कपडे काढते ना, तेव्हा पोटातलं पण काढते. भट्टीच्या गल्लीतली झुहूर — तीन दिवस ताप, अंथरुणातून उठली नाही, तिच्या नवऱ्यानं बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला डाळ-टोमॅटोचा हरीरा करून दिला, तो पण बुडाला लागलेला. म्हणाली, तामू, तापापेक्षा त्या हरीऱ्याचंच मला भ्या वाटलं. हसतेस? हस. कन्झाची पाळी महिन्यात दोनदा आली, लग्नाला वर्ष नाही झालं, इथं या ओट्यावर रडली बिचारी, मला मूल होईल ना म्हणून. मी काय सांगणार, मी काय डाक्टर? आणि ही आमची बतूल, हिनं कुठं ऐकलं की सुई घेतल्यावर दंडाला लोखंड चिकटतं — बसली दारात दंडावर चमचा लावून, आणि चिकटला की तो! अख्ख्या हम्मामात बोंब. अगं म्हटलं, या वाफेत अंगाला साबण लागलेली बाई तू, तुला भांडंसुद्धा चिकटेल. पालथी हो. हळू, ओटा निसरडा आहे.

तर मला काय विचारायचं होतं — म्हणजे विचारायचं असं नाही, मला माहीतच आहे, फक्त तुझ्या तोंडून ऐकलं की बरं. सुई घेतल्यावर काखेत गाठ येते ना? येते. झुहूरला आली होती, जर्दाळूच्या बीएवढी. मला पण आलीय. तीन आठवडे झाले सुईला, तशीच आहे, हे बघ, इथं, उजव्या काखेत — नको, तू उठू नकोस, तू पडून राहा, मी आपली सांगतेय. किती दिवस राहते गं? — दोन आठवडे? एखाद्या बाईला जास्त पण राहत असेल. राहते ना? काम करणाऱ्या बाईला जास्त राहत असणार, दिवसभर हा हात चालतो माझा, घासून घासून तिला बसायला फुरसतच कुठं आहे. ठणकते खूप. हो तर, ठणकते. — ज्या दंडात सुई त्याच बाजूला? तेच म्हणतेय मी, झुहूरची पण त्याच बाजूला होती. झालं मग. तू म्हणालीस, मला पुरे झालं. मी सगळ्यांना तेच सांगितलंय, तामूला सुईची गाठ आलीय, आता तर बायका स्वतःहूनच विचारतात, तुझी सुईची गाठ कशी आहे गं तामू, घरातल्या मांजरीची चौकशी करावी तशी.

काय घाबरायचं त्यात? मी नाही घाबरत. मी गाठी ओळखते, पोरी. एकतीस वर्षं बायकांची अंगं या हाताखालून गेलीत, घासायचा हातमोजा घालून सुद्धा मला समजतं, चरबीची कुठली, गळवाची कुठली. आणि ती तिसरी — ती पण कळते. ती हलत नाही, दाबली तर बोटाखालून सरकत नाही, खडा बसलेला असतो नुसता. माझी आई इथंच होती, याच ओट्यावर, तिच्यानंतर मी. तिला झाली होती. उजव्या बाजूलाच, ह्याच — तिची गोष्ट वेगळी. ती म्हणायची, बादल्या उचलून झालीय. तेव्हा सुई नव्हती, म्हणून बादली. आम्ही पण म्हणायचो बादलीनंच झाली असणार, बादल्या काय कमी जड होत्या, लाकडाच्या, पितळी पट्ट्यांच्या. शेवटी शेवटी हात एवढा सुजला की हातमोजा चढेना. मी एकोणीस वर्षांची होते. तिला मीच न्हाऊ घातलं, शेवटचं. ते जाऊ दे. मळ बघ केवढा निघतोय तुझा, दवाखान्यात आंघोळी करत नाही वाटतं कुणी?

तुला आठवत असेन मी, थांब, आठवण करून देते, सगळ्या हसतात या गोष्टीला. ती भांडणारी बाई! तंबूत, लाल पायघोळ जेलाबा घातलेली — तू सुई भरून तयार, मला म्हणालीस बाही वर कर, आणि मी उजवा दंड पुढं केला, आणि तू कापूस फिरवला, आणि एकदम मी ओरडले — थांब थांब, इथं नको! हा माझा कमाईचा हात आहे, हाच आखडला तर शुक्रवारच्या आधीच्या गर्दीत बायकांना काय पायानं घासू? तू म्हणालीस, दोन दिवस दुखेल फक्त. मी म्हटलं, दोन दिवस तुला फक्त, मला दोन दिवस कोण देतंय. मागची रांग ओरडायला लागली, तो कार्ड लिहिणारा म्हातारा म्हणाला, बाई, टोचून घ्या नाहीतर घरी जा. शेवटी तूच हसलीस आणि फिरून या बाजूला आलीस, आणि डाव्या —

उठलीस का? पड. पड म्हटलं ना, पाठ अर्धी राहिलीय. अशी बघू नकोस माझ्याकडे. डोळ्यात साबण जाईल.

हो. डाव्याच. डाव्या दंडात घेतली मी. आजवर बारा-पंधरा बायकांना ही गोष्ट सांगितली असेल, सगळ्या हसल्या, एकीनंही उजवं-डावं जुळवून बघितलं नाही. तूच निघालीस. — हळू बोल गं, इथं आवाज घुमतो, घुमटाखाली कुजबुजलं तरी त्या कोपऱ्यात ऐकू जातं.

ऐक, पोरी. ती आधीपासून आहे. मोठ्या ईदला शेजारणीची पोर माझ्या हातांना मेंदी लावत होती, हात वर धरला होता सुकायला, आणि दुसऱ्या हातानं सहज खाजवायला गेले — आणि लागली. उन्हाळा होता. माझा हात तिथंच राहिला. या बोटांना कुणी सांगावं लागत नाही, त्यांना कळतं, त्यांना तेव्हाच कळलं. मी मेंदी ओली असतानाच धुऊन टाकली, पोरीला सांगितलं मळमळतंय. तेव्हापासून त्या काखेला मी हात लावत नाही, आंघोळीला सुद्धा वरून पाणी सोडते नुसतं. जगाच्या काखा घासते, माझी नाही.

आणि मग झुहूर आली आणि म्हणाली, सुईनं गाठ आली होती, गेली. अगं, मला एवढा आनंद झाला की मी तिला दोनदा घासलं! सुई घेतल्याचा पास सगळीकडे लागणार म्हणून घेतली असं मी सगळ्यांना सांगते. पास तर नंतर आला. त्याच्या आधी मीच इथं सांगत होते, घेऊ नका गं, काय काय होतं त्यानं, मी तर मेले तरी घेणार नाही. आणि झुहूर बोलली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी रांगेत उभी. गाठीसाठी! म्हणजे — सुई घेतली की मग ती सुईची होईल. मग ती जाईल, सगळ्यांची जाते. असं काही होत नाही हे मला कळतं, मी वेडी नाही. पण सकाळी उठल्यावर म्हणायला काहीतरी लागतं ना बाईला. आणि एवढं सगळं ठरवून गेले, दंड पुढं केला, बरोबर तोच, कापूस सुद्धा फिरला — आणि मेली ही सवय! हात वाचवायची. आयुष्यभर या एका हाताला जपलं, दार डाव्यानं ढकललं, बादली डाव्यानं उचलली, आणि तिथं पण तोंडातून निघालंच, इथं नको. संध्याकाळी डावा दंड ठणकायला लागला तेव्हा डोक्यात उजेड पडला, काय करून बसले. स्वयंपाकघरात बसून रडले. एवढा सोपा खोटेपणा, तोसुद्धा मला धड करता आला नाही.

— काय करतेस? सोड. साबणाचा हात आहे तुझा. नको म्हणते ना, गिझलान — बरं. बघ. पटकन बघ, तिकडून बतूल डोकावेल. इथं. अजून आत. हां.

दाब. नाही दुखत. मघाशी ठणकते म्हणाले ते खोटं. दुखतच नाही, तेच तर. आईची पण दुखत नव्हती. तुझी बोटं थांबली का गं? मी पण अशीच थांबते बायकांच्या अंगावर, आणि मग म्हणते, चरबी आहे, काही नाही — मला माहितीय ते थांबणं कसलं असतं. मला भीती वाटते गं. रात्रंदिवस नुसती भीती वाटते. एकतीस वर्षांत या वाफेत मला कधी थंडी वाजली नव्हती, आता वाजते.

— सगळ्याच वाईट नसतात? हां. असेल. तू म्हणतेस तर असेल. बोटानं नाही कळत, फोटो काढावा लागतो? माझ्या बोटांना तरी — बरं, तू म्हणशील तसं. उद्या? उद्या कसं जमेल, उद्या नवरीची आंघोळ आहे, झुहूरच्या भाचीची, चाळीस बायका येणार, दिवे, गाणी, तिला घासायला मीच हवी म्हणून बसलीय ती पोर. नवरीची आंघोळ होऊ दे, मग बघू, एवढे दिवस थांबलीय ती, अजून दोन दिवसांनी काय —

...

आई हेच म्हणाली होती. हेच. नवरीची आंघोळ होऊ दे. कुणाची होती देव जाणे, पण हेच म्हणाली होती, इथंच, बादली हातात घेऊन.

किती वाजता म्हणालीस? नऊ. तू असशील ना दवाखान्यात? दारातच थांब, मला आतल्या खोल्या सापडत नाहीत. नवरीला दुसरी कोणी घासेल. मोडणार नाही तिचं लग्न.

जा आता. जा, डोकं धुऊन घे, पाणी निवलं सगळं. राहिलेली पाठ पुढच्या वेळी घासेन. आणि बाहेर बतूल विचारेल, एवढा वेळ काय बोलत होतात — तिला म्हण, सुईचं. सुईचीच गाठ आहे म्हण. उद्या नऊपर्यंत तरी.