सत्काराचा फलक

नाही, ती शाल पिशवीतून काढूच नका, तेजसराव. बसायचं असेल तर बसा. पण 'गुरुजी, नुसते दोन शब्द बोला' हे पुन्हा ऐकणार नाही मी. उद्या सकाळी तुमच्या मंडळाच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा करायला येईन, कबूल केलं आहे. मंत्र म्हणेन, आरती होईल, घरी परतेन. सत्काराला व्यासपीठावर चढणार नाही — आणि तो चौकातला फलक आज, दिवे लागायच्या आत, उतरलेला हवा.

कोणता म्हणून काय विचारता? अध्यक्ष आपण, खाली हात जोडलेला फोटो आपला — माझ्यापेक्षा मोठा. वर मी, सोवळ्यात, आणि हातभर अक्षरांत 'दारूला लाथ मारून भक्तीच्या वाटेवर आलेले आमचे लाडके वैजनाथ गुरुजी'. लाडके! अहो, भक्तीच्या वाटेवर मी मुंजीपासून आहे. दारू मध्ये आली. दोन्ही याच तोंडाने केलं, हीच तर लाज — आणि ती माझी आहे, अख्ख्या कोथरूडची नाही. दर मंगळवारी आम्ही दारू सोडलेले ज्या बैठकीला जमतो, तिथे कोणी कोणाचं आडनावसुद्धा विचारत नाही. तुम्ही कोणाला विचारलंत? — हो, ठाऊक आहे, फोटो माझ्या बायकोने, श्रद्धाने दिला. तिला वाटलं, नवऱ्याचं कौतुक होतंय, होऊ दे. माझ्यापायी तिच्या वाट्याला कौतुक आलं होतं कधी? तिला मी एक शब्द बोलणार नाही. तुम्हाला बोलणार.

हेतू चांगला होता, म्हणता. असेल. सकाळपासून फोन येताहेत. समोरच्या इमारतीतले दीनानाथ — 'गुरुजी, यंदा मोबाइलवर पूजा लावून घरच्या घरीच करू म्हणतो.' इतकी वर्षं त्यांच्या मूर्तीत मी प्राण आणले, आता मोबाइल आणणार. दुसऱ्या घरी म्हणे भाचाच पूजा सांगायला शिकलाय. तिसऱ्या बाईंनी तेवढं सरळ सांगितलं — 'सासूबाईंनी फलक वाचला हो, त्यांना चालायचं नाही.' आता गंमत ऐका. मी पीत होतो तेव्हा — आदल्या रात्रीची उतरायच्या आत गार पाण्याने अंघोळ करून, तोंडात वेलदोडा धरून याच घरांत मी तीर्थ दिलं आहे — तेव्हा एकाही घराने पूजा मोडली नाही. दक्षिणा दिली, वाकून नमस्कार केला. आता सोडली, हा माझा तिसरा कोरडा गणपती — आणि यंदा मी विटाळलो! प्यायचो म्हणून नव्हे; सोडली, हे तुम्ही जाहीर केलंत म्हणून. आणि सत्कार करणारे कोण? विसर्जनाच्या मिरवणुकीत तुमच्या टेम्पोमागे पाण्याच्या बाटल्यांत काय असतं, ते मला शिकवू नका. मला वासावरून कंपनी सांगता येते.

हसू नका. तुम्हाला राग आला की तुम्ही ओरडता. माझा राग पायांत उतरतो. दुपारी तिसरा फोन ठेवला, दूर्वा आणतो असं सांगून बाहेर पडलो, आणि पाय वळले ते वाइन शॉपकडे. उद्या चतुर्थी, दुकान बंद, म्हणून आज ही रांग — मी शेवटी उभा. ठरवलं वगैरे काही नाही हो — रांग सरकते, माणूस सरकतो, ठरवावं काही लागतच नाही. मग पुढच्या गृहस्थाने वर पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. फलक लावायला तुम्हाला चौकात नेमका त्या दुकानासमोरचाच खांब सापडला होता! 'काय गुरुजी,' म्हणाला, 'सत्काराची तयारी का?' सगळी रांग हसली. आणि मी —

नाही. घेतली नाही. परत फिरलो. पण ते समाधान चेहऱ्यावर आणू नका, तेजसराव! 'म्हणजे फलकानेच वाचवलं' असं तोंडातून काढलंत तर याद राखा. मी हसण्याला भिऊन फिरलो. गजाननाच्या स्मरणाने फिरलो नाही, बायकोच्या उपासाने फिरलो नाही — नुसता भिऊन! विसर्जन झालं की फलक उतरेल, हसणारे पांगतील, दुकान तिथेच असेल. तेव्हा मला कोण फिरवणार — तुमचा छापखाना? म्हणून सांगतो, आजच उतरवा. त्या दुकानावरून मला एकट्याला जाऊ द्या. पडलो तर माझा मी पडेन. उभा राहिलो तर त्याच्या कृपेने राहीन, तुमच्या नव्हे.

हळू बोलू? बरोबर. ती आत आहे. आज हरतालिका, सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही तिने — कोणाच्या आयुष्यासाठी, ते सांगायला नको. रांगेचं तिला सांगितलेलं नाही. तुम्हाला तरी का सांगितलं, देव जाणे. हे बाहेर बोललात तर —

काय? माझ्या मागे काय बघताय?

…श्रद्धा. बस. सांगतो सगळं. आधी बस.

या आपण, तेजसराव.