मीठकोठी सभागृहाच्या सहा खिडक्या

बंदर पोलीस ठाणे, स्फाक्स
दि. ९ नोव्हेंबर २०२१, सकाळी १०.२०

नाव: वसीला बशीर जरीबी. वय: ५४ वर्षे. धंदा: हवायंत्रांची मिस्त्री, मीठकोठी सभागृहात एकोणीस वर्षे, सध्या नोकरी नाही. राहणार: मासळीबाजारामागे, तिसरा मजला, स्फाक्स.

मी वरील नावाची बाई, ठाण्यातून निरोप आल्यावरून स्वतः हजर राहून, विचारले तेवढ्यापुरते सांगते की,

मीठकोठी सभागृह हे पूर्वी मिठाचे कोठार होते. भिंती जाड आहेत. खिडक्या सहा, सगळ्या पश्चिमेच्या भिंतीत, छताखाली. छतावर मोठा पंखा आहे, तो बाहेरची हवा आत ढकलतो. तो चालू ठेवणे हे माझे काम होते.

सभागृहाचे चालक श्री. शकीब मसमूदी यांनी चालू वर्षी जून महिन्यात, साथीवर उपाय म्हणून, प्रवेशाशी निर्जंतुकीकरणाचे दार बसवले. हे दार म्हणजे पत्र्याची कमान आहे. खालून माणूस गेला की निळा दिवा लागतो, दोन्ही अंगांनी औषधाचा फवारा उडतो आणि आतून एका बाईचा आवाज येतो, “आपण आता सुरक्षित आहात.” फवाऱ्याने लोक खोकत, म्हणून श्री. शकीब यांनी त्यात नारिंगीच्या फुलांचे पाणी मिसळायला लावले. तेव्हापासून लोक सुगंधित होऊन खोकतात. एक म्हातारी त्या आवाजाला “तुझंही भलं होवो, पोरी” असे म्हणून आत गेली, हे मी स्वतः पाहिले आहे.

दाराशेजारी ताप मोजणारा कॅमेरा आहे. त्याच्यासमोर उभे राहताना लोकांचे तोंड पश्चिमेला येते. दुपारी ऊन लोकांच्या कपाळावर असते. पहिल्या दिवशी दहापैकी नऊ जण तापाचे निघाले. श्री. शकीब यांनी त्यावर उपाय केला. धोक्याचा आकडा त्यांनी चाळीस अंश सेल्सिअसवर नेऊन ठेवला. त्यानंतर एकालाही ताप आलेला नाही.

आतमध्ये मोठ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत “सभागृह ९८ टक्के सुरक्षित” असे दिसते. हा आकडा कुठून येतो, असे मी विचारले असता श्री. शकीब म्हणाले, “दारातून किती माणसं गेली त्यावरून.” बाकीचे दोन टक्के कोण, असे विचारले. ते म्हणाले, “तू. तू मागच्या दाराने येतेस.”

माझ्याकडे एक हातात मावणारे यंत्र आहे. ते मी स्वतः आणलेले आहे. बंद खोलीत माणसांनी सोडलेला श्वास किती साचला ते त्यावर आकड्यात दिसते. मोकळ्या हवेत आकडा चारशेच्या आसपास येतो. आठशेपर्यंत ठीक. त्यापुढे लोक एकमेकांचा श्वास ओढत आहेत असे समजावे. या यंत्राला दिवा नाही आणि आवाजही नाही.

दि. १७ ऑक्टोबर, रविवार, दुपारी साडेतीन वाजता शेख तिजानी बूस्लामा यांचे गाणे होते. शेख ८१ वर्षांचे आहेत. टीव्हीसाठी ध्वनिमुद्रण होते. एक खुर्ची सोडून एक बसवायचे ठरले होते, परंतु लोक दारातून शुद्ध होऊन आलेले असल्याने सर्व चारशे खुर्च्या भरण्यात आल्या. त्याच कारणाने तोंडावरच्या पट्ट्याही काढायला सांगण्यात आले. चेहरे दिसले पाहिजेत, असे टीव्हीवाल्यांचे म्हणणे होते.

पावणेचारला माझ्या यंत्रावर १४०० आले. मी छतावर गेले. पंखा बंद होता. मी चालू केला. खाली येईपर्यंत तो पुन्हा बंद झाला. मी श्री. शकीब यांना मंचाशेजारी गाठले. आमचे बोलणे पुढीलप्रमाणे झाले.

मी म्हणाले, “शकीबसाहेब, पंखा कोणी बंद केला?”

ते म्हणाले, “मी. गुणगुणतो तो. उद वाजतं तेव्हा तारांमध्ये ऐकू येतो. लोकांनी शेखना ऐकायचं की तुझ्या पंख्याला?”

“मग खिडक्या तरी उघडा.”

“स्क्रू मारलेत. बंदरातला भोंगा येतो आत.”

“चारशे माणसं आहेत.”

“वसीला, सगळी धुऊन आत घेतलीत.”

“बाहेरून धुतलीत. श्वास आतून येतो.”

ते म्हणाले, “तू मिस्त्री आहेस की डॉक्टर?” शेजारी टीव्हीची मंडळी होती, ती हसली. मी यंत्र पुढे केले. त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, “बाहेरून आणलेली वस्तू आहे. आपल्या यंत्रणेला जोडलेली नाही.” नंतर पडद्याकडे बोट करून म्हणाले, “वाच.” मी वाचले. ९९ झाले होते.

सव्वाचारला २६०० आले. पुढच्या रांगेत म्हातारी माणसे कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होती. शेख दोन कडव्यांमध्ये थांबून दम घेत होते.

मी छतावरून पंख्याचा लोखंडी दांडा आणला व सज्जात गेले. खिडक्यांखाली बाहेर अंगण आहे, त्याला कुलूप असते. तरी वाकून पाहिले. कोणी नव्हते. मग मी काचा बाहेरच्या अंगाला फोडल्या. डावीकडून सुरुवात केली.

पहिल्या काचेला वादक थांबले. शेख यांनी वर पाहून विचारले, “कोण आहे तिकडे?”

मी नाव सांगितले.

ते म्हणाले, “नौफलची बहीण ना? खाली बघून फोड गं, माणसं असतील.”

मी म्हणाले, “बघितलंय, शेख.”

ते म्हणाले, “मग उरलेल्याही फोडून घे, तोवर आम्ही तारा लावतो.” लोक हसले. मी उरलेल्या पाच फोडल्या. गाणे पुन्हा सुरू झाले. वीस मिनिटांत आकडा ९०० वर आला. बंदरातला भोंगा दोनदा वाजला. त्यानंतर पहारेकऱ्यांनी मला बाहेर काढले व दुसऱ्या दिवशी कामावरून कमी केल्याचा कागद घरी आला.

जुना राग मनात धरून मी नुकसान केले, असे श्री. शकीब यांनी तक्रारीत लिहिले आहे. त्याबाबत मला विचारण्यात आले. नौफल माझा धाकटा भाऊ. शेख यांच्या साथीला तो डफ वाजवत असे. २७ जूनला याच सभागृहात, याच दारातून आत जाऊन त्याने वाजवले. पंखा त्या दिवशीही बंद होता. मी त्या दिवशी रजेवर होते. जुलैच्या बारा तारखेला, ऑक्सिजन मिळायच्या आत, तो वारला. वय ४६. तेव्हा मी तक्रार दिली नव्हती. या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, यापुढे लिहू नये.

१७ तारखेच्या कार्यक्रमानंतर कोणी आजारी पडल्याचे माझ्या कानावर नाही. ते माझ्यामुळे, असे मी म्हणत नाही. मला माहीत नाही. दाराला मात्र माहीत आहे, कारण गेल्या आठवड्यात श्री. शकीब यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: “चारशे श्रोते, एकही रुग्ण नाही.” खाली दाराचा फोटो आहे. फोटोत मागे सहा खिडक्या दिसतात. एकीलाही काच नाही. आता तशी दारे मुलींच्या दोन शाळांत बसणार आहेत, असे त्यातच छापले आहे. शाळांच्या खिडक्या कशा आहेत, ते छापलेले नाही.

जबाब घेणारे अधिकारी म्हणाले, “ताई, दांडा हातातून निसटला असं लिहू का? प्रकरण इथंच मिटेल.” मी म्हणाले, सहा वेळा निसटला असे कोण मानील. ते म्हणाले, “मानायचं कुणाला आहे?” मी नको म्हटले.

वरील मजकूर अधिकाऱ्यांनी मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवला. त्यात “काचा फुटल्या” असे आले होते. अधिकारी म्हणाले, “असू द्या, तुमच्याच सोयीचं आहे.” मी ते खोडायला लावून “काचा फोडल्या” असे करून घेतले आणि त्या ओळीशेजारी वेगळी सही केली. आता सगळे मी सांगितले तसेच आहे.

(सही) वसीला बशीर जरीबी